पॅरासायटॉलॉजी शिकून पुढे काय? लॅबमधल्या बाईचं उत्तर

प्रश्न असा आहे: "मी ठाण्यात एसवायबीएस्सीला आहे. झूलॉजी आणि केमिस्ट्री हे विषय. परजीवींचं प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडलं. आमच्या मॅडम म्हणतात पुढे पॅरासायटॉलॉजी कर. घरी सगळे म्हणतात यात नोकऱ्या नाहीत, त्यापेक्षा बीएड कर. खरं काय?"

माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून तुला तू म्हणते. मी सव्वीस वर्षं मायक्रोस्कोपसमोर बसते आहे. झूलॉजीत एमएस्सी केलं, मग डीएमएलटी, म्हणजे लॅब तपासण्यांचा डिप्लोमा. आधी ठाण्यातल्या लहान लॅबमध्ये होते, नंतर नवी मुंबईतल्या मोठ्या लॅबमध्ये, आणि आता नव्या मुलामुलींना स्लाइड वाचायला शिकवते.

घरच्यांना जे दिसतं ते खोटं नाही. "परजीवीशास्त्रज्ञ पाहिजे" अशी जाहिरात मी इतक्या वर्षांत क्वचितच पाहिली. आपल्याकडे बारावीनंतर या नावाची पदवी घेता येत नाही. पण काम रोज आहे आणि भरपूर आहे, फक्त ते दुसऱ्या नावांनी येतं. लॅब टेक्निशियन, प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, कीटक समाहारक (डास-कीटक गोळा करणारा), जिल्हा हिवताप अधिकारी, पशुवैद्य, मत्स्यशेतीचा सल्लागार, पेस्ट कंट्रोलचा टेक्निकल माणूस, एखाद्या संशोधन प्रकल्पातला जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक. या सगळ्यांचं पोट कुठल्या ना कुठल्या परजीवीवर चालतं. म्हणून "पॅरासायटॉलॉजीत नोकरी आहे का" असं विचारू नकोस. तुला कोणासमोर बसायला आवडेल ते आधी स्वतःला विचार: माणसाच्या रक्तासमोर, गाईम्हशीसमोर, डासासमोर, की पीसीआरच्या यंत्रासमोर. दरवाजा त्यावरून ठरतो.

तुझ्या पुस्तकात हिवतापाच्या, म्हणजे मलेरियाच्या परजीवीचं जीवनचक्र असेलच, गोल काढून बाण दाखवलेले. परीक्षेसाठी आपण ते पाठ करतो आणि विसरतो. ते चित्र पुन्हा उघड आणि प्रत्येक बाणावर बोट ठेव. डास चावला, परजीवी यकृतात गेला. व्हायवॅक्स या जातीचा असेल तर त्यातले काही तिथेच झोपून राहतात आणि कित्येक महिन्यांनी उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि माणूस गोळ्या सोडून देतो. त्याच्या दारी जाऊन गोळ्या पुऱ्या करून घेणारा आरोग्य कर्मचारी या बाणावर काम करतो. पुढचा बाण रक्तातला. तिथे माझ्यासारखी माणसं बसतात. त्यानंतर रक्त पुन्हा डासाच्या पोटात जातं, तिथे कीटकशास्त्रज्ञ. शेवटी डास पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस (साठवलेलं पाणी ओतून भांडी सुकवायचा) पाळायला सांगते ती याच हिशेबाने. गप्पी मासे सोडणारा, सोसायटीच्या टाकीत टॉर्च मारून अळ्या शोधणारा माणूसही त्या चित्रातच उभा आहे. एका चित्रातल्या बाणांवर पाच प्रकारची माणसं पगार घेतात. कृमींची आणि अमिबांची चित्रंही अशीच वाचायला शीक.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त माहिती आहे त्या रक्ताच्या बाणाबद्दल सांगते.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. ज्या लॅबमध्ये होते तिचं नाव घेत नाही. ऑगस्ट होता, संध्याकाळ झाली होती, ट्रे स्लाइडनी भरलेला होता. घणसोलीच्या एका बांधकामावरच्या मजुराचं रक्त आलं. मी पातळ स्मिअर, म्हणजे काचेवर पातळ पसरलेलं रक्त घेतलं, वीस-पंचवीस फील्ड (मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) पाहिले, काही दिसलं नाही, "मलेरिया परजीवी आढळले नाहीत" असं लिहून पुढची स्लाइड घेतली. दोन दिवसांनी तो माणूस दुसऱ्या रुग्णालयात पोचला तेव्हा मूत्रपिंडं बंद पडत आली होती. रक्तात फाल्सिपारम, म्हणजे मलेरियाच्या परजीवीची जीवघेणी जात होती. तो वाचला, पण बरेच दिवस डायलिसिसवर राहिला. माझी जुनी स्लाइड परत काढून पाहिली तर जाड थेंबात परजीवी होते. जाड थेंब मी पाहिलाच नव्हता.

त्यानंतर मी एक नियम मोडलेला नाही, आणि माझ्या हाताखालच्या कोणालाही मोडू देत नाही. जाड थेंब आधी, पातळ नंतर, आणि ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली) शंभर फील्ड पाहिल्याशिवाय "नाही" लिहायचं नाही. जाड थेंबात रक्ताचे थर एकावर एक असतात, त्यामुळे थोडे परजीवीही सापडतात. पातळ स्मिअरमध्ये तांबड्या पेशी सुट्या दिसतात, त्यामुळे जात ओळखता येते. व्हायवॅक्सने पेशी फुगते आणि तिच्यात शूफनरचे गुलाबी ठिपके उमटतात. फाल्सिपारमची कडी (कोवळा परजीवी अंगठीसारखा दिसतो, ती) नाजूक असते, एकाच पेशीत दोन-तीन असतात, काठाला चिकटलेल्या असतात, आणि पुढे केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट (डासात जायला तयार झालेले परजीवी) दिसतात. पण स्लाइड रंगवायच्या जिम्सा रंगाच्या बफरचा (ज्या द्रावणात तो मिसळतात त्याचा) पीएच ७.२ वरून घसरला तर ते ठिपके दिसतच नाहीत. मग तू पुस्तक कितीही पाठ केलेलं असू दे.

उलट चूकही होते. तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट नवख्या डोळ्याला थेट परजीवीसारखी दिसते. रंगाचा गाळ दिसतो. शौचाच्या नमुन्यात भाजीचा धागा जंतासारखा दिसतो, परागकण अंड्यासारखा. अमिबाचं तर विचारू नकोस. आजार करणारा एंटअमीबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार हे सिस्टवरून, म्हणजे कवचातल्या अवस्थेवरून, वेगळे ओळखताच येत नाहीत. पोटात तांबडी पेशी गिळलेला ट्रोफोझॉइट (हलता-खाता अमिबा) दिसला तरच खात्रीने बोलता येतं, आणि त्यासाठी पातळ शौचाचा ताजा नमुना अर्ध्या तासात बघावा लागतो. एवढं न करता "अमिबा आहे" असं लिहिलेले किती रिपोर्ट मी पाहिले, आणि त्यावर वर्षानुवर्षं गोळ्या घेणारी माणसंही पाहिली.

तू म्हणशील, आता तर कार्डवर थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत मलेरियाचं उत्तर मिळतं. मिळतं, आणि आदिवासी पाड्यावर त्या कार्डाने जीव वाचतात. पण फाल्सिपारमचं एचआरपी-२ प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणजे परजीवी मेला तरी कार्ड होकार देत राहतं. परजीवी किती आहेत, औषधाने कमी होताहेत का, हे डोळ्यानेच मोजावं लागतं. म्हणून मोठ्या लॅबना स्लाइड वाचणारी माणसं अजून लागतात, आणि चांगली माणसं मिळत नाहीत. मलेरिया मायक्रोस्कोपिस्टसाठी जागतिक आरोग्य संघटनेची कौशल्यचाचणी असते, तिच्यात चार पातळ्या असतात. त्यातली वरची पातळी हातात असेल तर लॅबमध्ये तुझं म्हणणं ऐकलं जातं.

या दरवाज्याची अडचणही आत्ताच ऐकून ठेव. नुसत्या बीएस्सी झूलॉजीवर चांगल्या लॅबमध्ये घेत नाहीत. डीएमएलटी किंवा मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदवी लागते. सरकारी जागांसाठी नोंदणी आणि पात्रता जाहिरातीत शब्दाशब्दाने वाचावी लागते, कारण प्रत्येक पदाचे सेवाप्रवेश नियम वेगळे. रिपोर्टवर शेवटची सही डॉक्टरची असते, पॅथॉलॉजिस्टची किंवा मायक्रोबायोलॉजिस्टची. एमएस्सी होऊन वर्षानुवर्षं स्लाइड वाचल्या तरी ती सही आपली होत नाही. मला याचं सुरुवातीला वाईट वाटायचं. तुला ती सही हवीच असेल तर एमबीबीएस आणि मग एमडी मायक्रोबायोलॉजी हा रस्ता आहे, पण तू बीएस्सीला आहेस म्हणजे 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा विचार बहुधा मागे पडला असेल. तो पुन्हा करायचा का, हे तुझं तू ठरव.

आणि पगार. खासगी लॅबमध्ये सुरुवात लहान असते. माझा पहिला पगार लोकलचा पास, भिशी आणि घरच्या किराण्यात संपायचा. वाढ झाली ती दोन गोष्टींमुळे: एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यतेचं गुणवत्तेचं काम शिकले म्हणून, आणि दुसऱ्यांना शिकवायला लागले म्हणून. घरच्यांना आकडे हवे असतील तर हे लपवू नकोस.

डासांचा दरवाजा मला तुझ्यासाठी सगळ्यात मोकळा वाटतो, कारण तू झूलॉजीची आहेस आणि ठाणे-नवी मुंबईत राहतेस. शहरातला मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस स्टीफन्साय गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं: गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर क्युरिंगसाठी सोडलेलं पाणी. खारघर, उलवे, घोडबंदर रोड, जिथे टॉवर उभे राहताहेत तिथे हे सगळं आहे, आणि देशभरातून आलेले मजूर त्यांच्या रक्तातले परजीवी घेऊन तिथेच झोपतात. डास आणि परजीवी एका इमारतीत भेटतात. नागरी हिवताप योजना १९७१ पासून आहे ती शहरांच्या याच अडचणीसाठी. १९६५ च्या सुमारास देशात हिवतापाचे रुग्ण लाखभरावर आले होते, रोग संपलाच असं वाटत होतं, आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डासांनी कीटकनाशकं पचवायला शिकून घेतलं, आणि आपण लक्ष काढून घेतलं. आता देशाने २०३० पर्यंत हिवताप हटवायचं ठरवलं आहे. रुग्ण कमी होत जातात तेव्हा ते शोधणारी माणसं जास्त कसबी लागतात.

या कामाचं शिक्षण घ्यायचं तर पुद्दुचेरीला आयसीएमआरचं वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर आहे. तिथे पब्लिक हेल्थ एंटोमॉलॉजीचं, म्हणजे रोग पसरवणाऱ्या कीटकांच्या शास्त्राचं, दोन वर्षांचं एमएस्सी होतं. जागा मोजक्या असतात, पण माझ्या मते तुझ्यासारखीने अर्ज करायलाच हवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरतीत कीटक समाहारकाची पदं असतात. उरणच्या बाजूला जेएनपीए बंदर आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे बंदर आणि विमानतळाभोवतीचा ४०० मीटरचा पट्टा रोगवाहक डासांपासून मोकळा ठेवावा लागतो, आणि तिथे अळ्यांची मोजणी करायला जाणती माणसं लागतात. नवी मुंबईत आता विमानतळही झाला आहे. पेस्ट कंट्रोलचा स्वतःचा परवाना काढायचा विचार आला तर एक गोष्ट लक्षात ठेव. कीटकनाशकांच्या नियमांत विज्ञान पदवीला रसायनशास्त्र विषय असणं आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण असणं, दोन्ही मागितलेलं आहे. म्हणून तिसऱ्या वर्षी केमिस्ट्री सोडायची की नाही, याचा निर्णय मैत्रिणींच्या नादाने घेऊ नकोस.

हत्तीरोगाचा एक अनुभव तर घेच. त्याचे सूक्ष्म कृमी रात्री रक्तात येतात, दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात. म्हणून रक्तनमुने रात्री, लोक जेवून झोपायच्या बेतात असताना, दारोदार जाऊन घ्यावे लागतात. एखाद्या पथकाबरोबर परवानगी काढून एक रात्र फिर. हे काम आपल्याला झेपतं का, ते त्या रात्रीत कळतं.

पशुवैद्यकाचा दरवाजा बीएस्सीनंतर लांबचा आहे. त्यालाही 'नीट' परीक्षा लागते आणि पदवी साडेपाच वर्षांची आहे. तरी सांगते, कारण परजीवीशास्त्र वेगळा विषय म्हणून मनापासून शिकवलं जातं ते तिथे. गोचिडीतून येणारे थायलेरिया आणि बॅबेशिया हे रक्तातले परजीवी दुभत्या जनावराला काही दिवसांत लोळवतात, शेतकऱ्याचं घर त्या जनावरावर असतं. आणि जनावरांचा परजीवी जनावरांपुरता राहीलच असं नाही. सर्रा नावाचा रोग घोड्यांना, उंटांना, म्हशींना होतो, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायमुळे. माणसाला तो होत नाही असंच आम्ही शिकलो होतो. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला आणि २००५ मध्ये जगातली पहिली नोंद म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे कळलं की या परजीवीला मारणारं एपीओएल-१ हे प्रथिन त्याच्या रक्तात काम करणारं नव्हतं. मला ही गोष्ट नेहमी आठवते ती अशासाठी की कोणीतरी त्याच्या तापाचा स्मिअर लक्ष देऊन पाहिला आणि "हे काय वळवळतंय" म्हणून थांबलं.

संशोधनाबद्दल थोडक्यात. आधी सीएसआयआर-नेट ही फेलोशिपची परीक्षा लाइफ सायन्सेस विषयात, मग पीएचडी. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात कृमींच्या वर्गीकरणाची जुनी परंपरा आहे. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत मेडिकल पॅरासायटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. वर्सोव्याच्या सीआयएफई या मत्स्यशिक्षण संस्थेत माशांचे रोग शिकता येतात. कोळंबीच्या शेतीला ईएचपी नावाच्या सूक्ष्म परजीवीने बेजार केलं आहे, त्यामुळे तिथे काम आहे आणि पैसाही आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट मलेरियाची आर-२१ लस बनवते, तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०२३ मध्ये मिळाली. जीन आणि प्रथिनांत रमणार असशील तर मॉलिक्युलर बायोलॉजी पक्की कर. मात्र पाच-सहा वर्षं फेलोशिपवर काढायची घरच्यांची तयारी आहे का, ते आधी बोलून घे.

आत्ता, कॉलेजात असताना काय करायचं? विच्छेदनं यूजीसीच्या सूचनांनंतर बंद झाली, कॉलेजच्या तयार स्लाइड पिवळ्या पडल्यात, हे मला माहीत आहे. तरी मार्ग आहे. चेंदणी कोळीवाड्यात मासे घेताना मावशीला सांग की आतडी टाकू नका, पिशवीत द्या. बांगडा किंवा वाकटी घे. पोटातल्या पडद्यांवर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पांढरी अळी दिसली तर ती बहुधा ॲनिसाकिस गटातली. ती मिठाच्या पाण्यात काढ, मोज, कुठल्या माशात किती आणि कुठल्या अवयवात हे वहीत लिही. घरचे घाबरले तर सांग, नीट शिजवलेल्या माशातून ती काही करत नाही. सोसायटीत साठलेलं पाणी दिसलं तर पांढऱ्या वाटीत घेऊन बघ. ॲनॉफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते, क्युलेक्स या दुसऱ्या डासाची तिरकी लटकते. हे एकदा डोळ्याने पाहिलंस की परीक्षेत विसरणार नाहीस.

घरच्यांशी बोलताना आजीला नारूबद्दल, त्या दोऱ्यासारख्या लांब कृमीबद्दल विचार. शहापूर-मुरबाडकडची जुनी माणसं सांगतात, पायातून काडीवर गुंडाळत ओढून काढावा लागायचा. नारूवर लस नव्हती, औषध नव्हतं. पाण्यातल्या सायक्लॉप नावाच्या बारीक जिवामधून तो माणसात जातो एवढं माहीत होतं. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी गाळायला लावलं, रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तुझ्या वहीतल्या बाणांच्या चित्राची ताकद एवढी आहे, हे आजीच्या तोंडून ऐकलं तर घरचेही जरा वेगळ्या कानाने ऐकतील.

बीएड वाईट नाही. परजीवी मनापासून शिकवणारी शिक्षिका मला माझ्या कॉलेजात मिळाली म्हणून मी इथे आहे. पण नोकरी मिळेल एवढ्याच कारणासाठी बीएड करणार असशील तर एक वर्ष थांब. टीवायनंतरच्या सुट्टीत कुठल्याही लॅबमध्ये महिनाभर उमेदवारी कर, शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये. पावसाने उघडीप दिली की तापाचे रुग्ण वाढतात आणि ट्रे भरतात. रोज दहा जाड थेंब स्वतः रंगव, शंभर फील्ड मोज, तुझं उत्तर आधी कागदावर लिही आणि मगच सिनियरला दाखव. महिन्याच्या शेवटी तुझी आणि त्यांची उत्तरं शेजारी ठेव. किती जुळली आणि तो महिना तुला कसा गेला, ते मला कळव, पुढचा दरवाजा कुठला ते आपण त्यावरून ठरवू.